अडगावची लढाई उलटी फिरली असती तर

आज आपण इतिहासाकडे थोडं आडवाटेनं पाहू. जे झालं ते बाजूला ठेवून "तसं झालं नसतं तर?" असं विचारू. याला एक नियम मात्र हवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाऊस, काळी माती, नदीची वाट यांना हात लावायचा नाही. नाही तर ती आजीची गोष्ट होते, इतिहास राहत नाही.

सुरुवात आपल्या वर्धा नदीपासून करू. पुलगावचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा लागतो. पलीकडे वऱ्हाड, अलीकडे नागपूरकडचा मुलूख, असं जुनी माणसं म्हणतात. ही हद्द काही देवानं आखलेली नाही. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहात ती ठरली.

त्या वर्षी नागपूरचे दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे मिळून इंग्रजांशी लढत होते. सप्टेंबरात असईला हार झाली. मग २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला पुन्हा गाठ पडली. आपल्या बाजूच्या तोफा सुरू झाल्या आणि असईला टिच्चून लढलेल्या कंपनीच्या पलटणी चक्क मागं पळाल्या! सेनापती आर्थर वेलस्ली नेमका जवळच होता. त्यानं त्यांना आवरलं, पुन्हा रांगेत उभं केलं आणि लढाई जिंकली. मी तिथं नसतो तर हरलो असतो, हे त्यानं स्वतःच पुढं कबूल केलं. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच.

तो दोन कोस मागं असता तर? गाविलगड त्या डिसेंबरात पडला नसता, नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला नसता. दोन्ही काठ नागपूरच्याच दरबारात राहिले असते.

पण इथं थांबून नीट हिशोब करायला हवा. आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, "राजे लढले, आपल्याले काय?" प्रश्न रास्त आहे. कंपनीकडे पैसा होता, पुढच्या वर्षी दुसरी फौज आली असती. शिवाय निजामावर कर्ज चढलं म्हणून १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीच्या हाती गेलंच, आणि त्याच वर्षी तिसरे रघुजी वारले, तेव्हा पुढच्या वर्षी नागपूरही गेलं. म्हणजे अडगावचा विजय फार तर पन्नास वर्षं पुरला असता. पन्नास वर्षं म्हणजे दोन पिढ्यांचा शेतसारा कोणाच्या तिजोरीत जाणार, एवढा फरक. तो शेतकऱ्याच्या घराला लहान नव्हे.

मला जास्त अडतं ते १८५३ चं. रघुजींना मुलगा नव्हता, या कारणावर राज्य खालसा झालं. राजवाड्यात बाकाबाईंसारख्या जाणत्या राण्या होत्या. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीनं मानला नाही. आणि बाईच्या हाती राज्य द्यावं, हा विचार तर कुठं आलाच नाही.

याच विदर्भात १६०० वर्षांपूर्वी तो आला होता. वाकाटकांचा राजा दुसरा रुद्रसेन लवकर वारला. मुलं लहान. राणी प्रभावतीगुप्तानं कारभार हाती घेतला आणि निदान तेरा वर्षं चालवला. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं नगरधन. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. रुद्रसेन म्हातारा होईपर्यंत जगला असता, तर प्रभावती मुलांच्या ताम्रपटात "अमक्याची आई" एवढीच उरली असती.

ती मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. त्याला गुजरात-माळव्याच्या शकांशी लढायचं होतं, त्यामुळे दक्षिणेला वाकाटक सोयरे असणं त्याच्या फायद्याचं. हे लग्न झालंच नसतं तर? कदाचित गुप्तांच्या फौजा नर्मदा उतरून आपल्याच शेतांतून गेल्या असत्या. हा माझा अंदाज, पण लेकीच्या लग्नानं लढाई टाळणं ही तेव्हाच्या राजांची रीतच होती. लेकीला कोणी विचारलं असेल का, ते सोडा.

तिनं मात्र आपली खूण ठेवली. तिच्या ताम्रपटांत आधी माहेरची वंशावळ येते. गोत्रही तिनं माहेरचंच, धारण, लिहवलं, सासरचं नाही. जमीन दान दिली ती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या हुकमानं. तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला, दुसरा नदीपलीकडच्या रिद्धपूरला. आमच्या गटात सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाया मोजायला एका हाताची बोटं पुरतात. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच वाटा दिला, तरीही.

तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन यानं प्रवरपूर वसवलं. वा. वि. मिराशींच्या मते ते आपलं पवनार, दुसरे काही अभ्यासक रामटेकजवळचं मनसर म्हणतात. विनोबांच्या आश्रमाची जमीन खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्या धाम नदीकाठी आश्रमातच लावून ठेवल्या आहेत. त्यात राम-भरत भेटीचं शिल्प आहे. पुढच्या महिन्यात गटाची सहल तिकडं न्यायचा विचार आहे. ज्यांना यायचं त्यांनी बैठकीत नाव सांगा.