कर्नल अद्ययावतीकरणानंतरची साठवण-कार्यक्षमतेतील घट

संगणकाच्या संचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. कर्नलची नवी आवृत्ती बसवल्यावर, यंत्रसामग्री तीच असूनही, डिस्कवरील वाचन-लेखन पूर्वीपेक्षा मंदावल्यास त्यास साठवण-कार्यक्षमतेतील घट असे म्हणतात. या घटीचे मूळ कारण शोधण्याच्या प्रक्रियेला निदान म्हणतात. या लेखात प्रामुख्याने लिनक्स कर्नलचा विचार केला आहे. नोव्हेंबर २०१७पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. पुण्यातील सी-डॅक संस्थेचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक २०२० साली या यादीत ६३व्या स्थानी होता.

== कारणे ==

उपयोजनाची विनंती फाइल प्रणाली, ब्लॉक स्तर, अनुसूचक (शेड्युलर) आणि चालक (ड्रायव्हर) या पायऱ्यांनी डिस्कपर्यंत जाते. यांपैकी कोणत्याही पायरीवरील बदलामुळे वेग कमी होऊ शकतो.

* '''अनुसूचकातील बदल :''' मार्च २०१९मधील ५.० आवृत्तीत जुना एकरांगी ब्लॉक स्तर व त्यासोबत 'सीएफक्यू' हा अनुसूचक काढून टाकण्यात आला. त्यामुळे जुन्या अनुसूचकासाठी केलेली जुळवणी निरुपयोगी ठरली.
* '''सुरक्षा :''' जानेवारी २०१८मध्ये 'मेल्टडाउन' हा प्रोसेसरमधील दोष उघड झाला. त्यावरील उपायामुळे कर्नलमध्ये जाण्या-येण्याचा खर्च वाढला. लहान लहान वाचन-लेखन मोठ्या संख्येने करणाऱ्या कामांना त्याची झळ अधिक बसली.
* '''विदेची सुरक्षितता :''' ऑक्टोबर २०११मधील ३.१ आवृत्तीपासून 'ईएक्सटी३' फाइल प्रणालीत लेखन-अडसर (बॅरियर) मूलतःच चालू ठेवण्यात आले. लेखनाचा वेग त्यामुळे घटू शकतो. मात्र वीज अचानक गेल्यास फाइल प्रणाली बिघडण्याचा धोका कमी होतो.

== निदानाची पद्धत ==

प्रथम तुलना न्याय्य करावी लागते. यंत्र, डिस्क, फाइल प्रणाली व भार तेच ठेवून फक्त कर्नल बदलला जातो. बहुतेक लिनक्स वितरणे जुना कर्नल राखून ठेवतात, त्यामुळे संगणक सुरू करताना तो निवडता येतो. एकदा वाचलेली फाइल मुख्य स्मृतीत साठून राहते. म्हणून चाचणीपूर्वी ही साठवण रिकामी न केल्यास डिस्कऐवजी स्मृतीचाच वेग मोजला जातो. प्रत्येक चाचणी अनेकदा करून निकालांतील नैसर्गिक चढउतार किती आहे, हेही पाहावे लागते.

मापनासाठी जेन्स ॲक्सबो यांनी लिहिलेले 'एफआयओ' हे साधन प्रचलित आहे. केवळ सरासरी वेग पुरेसा नसतो. शंभरातील एखादी विनंती फार रेंगाळली, तरी सरासरीत ते सहसा दिसत नाही. वापरकर्त्याला मात्र ते जाणवते. त्यामुळे विलंबाचे ९९वे शतमानही नोंदवतात.

यानंतर एकेक पायरी वगळली जाते. फाइल प्रणाली टाळून डिस्क थेट वाचली असता वेग पूर्ववत आढळला, तर संशय फाइल प्रणालीवर जातो. अशा थेट चाचणीत केवळ वाचनच करावे. लेखन केल्यास डिस्कवरील विदा नष्ट होते. शेवटी 'गिट बायसेक्ट' वापरून चांगल्या व वाईट आवृत्तींमधील बदलांची संख्या दरवेळी निम्मी केली जाते. या रीतीने १,००० बदलांतून दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत सापडतो.

== मर्यादा ==

ज्या पायरीवर लक्षण दिसते तेथेच दोष असतो असे नाही. २०१८च्या अखेरीस ४.१९ आवृत्तीत फाइल्स बिघडू लागल्या, तेव्हा प्रथम संशय 'ईएक्सटी४' फाइल प्रणालीवर आला. प्रत्यक्षात दोष ब्लॉक स्तरात होता. तसेच प्रत्येक घट हा दोष नसतो. लेखन-अडसर किंवा सुरक्षा उपाय बंद केल्यास वेग परत मिळू शकतो, परंतु त्यांमुळे मिळणारे संरक्षणही नाहीसे होते. म्हणून घटीचे कारण निश्चित झाल्यावरच उपाय ठरवला जातो.