ते चित्र रविवर्म्याचं नाही!

घरासाठी चित्र निवडताना आपण मंडळी काय काय विचारतो? साइज किती, फ्रेम काळी की सोनेरी, सोफ्याच्या कव्हरशी जातंय का, ईएमआय सुरू असताना एवढे पैसे भिंतीवर घालावेत का. "काढलंय कुणी?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, बहुतेक वेळा येतच नाही. या वीकांताचा लेख त्या एका प्रश्नावर.

निमित्त झालं एका मित्राचं. तारापूर एमआयडीसीत नोकरी, बोईसरला नवा फ्लॅट, आणि हॉलमध्ये एक मोकळी भिंत. त्याला हवं होतं ते 'दिवा घेतलेल्या बाई'चं चित्र. तुम्ही ते नक्की पाहिलेलं आहे. कॅलेंडरवर, दिवाळीच्या ग्रीटिंगवर, एखाद्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये. साडी नेसलेली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांमधून लालसर उजेड झिरपतोय, चेहरा उजळलाय आणि मागे अंधार. जालावर शोधलं तर डझनभर दुकानं हे चित्र विकतात आणि त्यातली बरीचशी खाली बिनधास्त लिहितात: राजा रविवर्मा.

आता तारखा लावून बघू. (आमच्या धंद्यात बग शोधताना आधी टाइमस्टॅम्प बघतात.) राजा रविवर्मा वारले १९०६ साली. हे चित्र आहे १९४५-४६ चं. म्हणजे रविवर्म्याने ते मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी काढलं असं धरावं लागेल. दुसरं म्हणजे, रविवर्म्याची ओळख तैलरंगांची आणि हे चित्र जलरंगातलं. तिसरं म्हणजे, चित्रकार चांगला माहितीतला माणूस आहे: सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेतही ते होते. या चित्राचं प्रसिद्ध नाव 'ग्लो ऑफ होप'. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या कलादालनात आहे.

आणि ती बाई? ती कुणी देवी नाही की पुराणातली नायिका नाही. ती हळदणकरांची मुलगी, गीता. लग्नानंतरच्या गीता उपळेकर. २०१८ मध्ये, वयाची शंभरी ओलांडल्यावर, त्या कोल्हापुरात गेल्या. म्हणजे आपण 'कुठलंतरी जुनं चित्र' म्हणून लावतो ते खरं तर बापाने काढलेलं लेकीचं व्यक्तिचित्र आहे, आणि ती लेक परवापरवापर्यंत आपल्यात होती.

जलरंग हा इथे साधा तपशील नाही. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात उजेड म्हणजे मुख्यतः कागदाचा मोकळा राखलेला पांढरेपणा. अंधार एकदा आत घुसला की कागद पुन्हा पहिल्यासारखा पांढरा होत नाही. थोडक्यात, यात अंडू नाही. दिव्याच्या उजेडातला चेहरा आणि भोवतीचा काळोख असला विषय या माध्यमात घेणं म्हणजे पैजच.

मग रविवर्म्याचं नाव चिकटलं कसं? याला मी नुसतं अज्ञान म्हणणार नाही, त्यामागे इतिहास आहे. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रं, जर्मन तंत्रज्ञ. तिथे लिथोग्राफीने चित्रं छापली जात. दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि सगळे छाप एकावर एक अचूक बसले पाहिजेत. वर वार्निश आणि कॅनव्हाससारखा पोत चढवला की कागदावरचा छाप तैलचित्रासारखा दिसे. त्याला नावच ओलिओग्राफ, म्हणजे तेलाचं सोंग घेतलेला छाप. छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. पण पाटी तीच राहिली. धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांची चित्रंही तिथे छापली गेली. लक्ष्मी, सरस्वती घराघरांत पोचल्या आणि 'रविवर्मा' हे माणसाचं नाव राहिलं नाही, मालाचं नाव झालं. झेरॉक्स म्हटलं की कुठलीही फोटोकॉपी, तसं रविवर्मा म्हटलं की साडीतली कुठलीही सुंदर बाई!

इथे मला पालघर जिल्ह्यातच एक उलट उदाहरण सापडतं. वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मधोमध पालघट देवी. लिहिणाऱ्या सुवासिनी. खाली सही नाही, कारण गरजच नाही. कुणाच्या हातचा चौक आहे हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं, आणि चित्र भिंत सोडून कुठे जातही नाही. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णींनी डहाणू भागात कागद आणि रंग नेले, भिंतीवरचं चित्र कागदावर आलं आणि पाड्याबाहेर पडलं. तेव्हाच सहीची गरज लागली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणजे नियम सोपा आहे. चित्र जागेवर असेतो नाव लोकांच्या तोंडी राहतं. प्रत निघाली आणि घरोघर फिरू लागली की नाव तिच्याबरोबर बांधून द्यावं लागतं, नाहीतर वाटेत जे मोठं नाव भेटेल ते चिकटतं. याच किनाऱ्यावर चिंचणी, वरोरच्या घरांमधून दागिन्यांच्या डाय कोरतात. एका डायवरून कितीतरी दागिने निघतात. ते मिरवणाऱ्याला कोरणाऱ्याचं नाव कधीच कळत नाही.

बरं, नाव चुकलं तर बिघडतं काय? चित्र तेच ना? बिघडतं. भारतीय कायद्यानुसार कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून सुरू होते. रविवर्म्याची चित्रं केव्हाच खुली झाली. हळदणकर वारले १९६८ मध्ये, म्हणजे त्यांच्या चित्राची मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत. आता खाली 'रविवर्मा' लिहिलं की काय होतं बघा: मुदतीतलं चित्र दिसायला फुकटचं होतं. कुणाला परवानगी विचारायला नको, कुणाला पैसे द्यायला नकोत. मुद्दाम करतात की नकळत, देव जाणे, पण या चुकीचा फायदा विकणाऱ्याला होतो आणि तोटा हळदणकरांच्या नावाला. शिवाय 'हे चित्र माझं आहे' असं म्हणण्याचा चित्रकाराचा हक्क कायद्यात (कलम ५७) वेगळा दिलेला आहे.

तेव्हा प्रिंट घेताना काय बघायचं, ते मित्राला सांगितलं तसंच इथे देतो.

पहिलं, नाव. विकणाऱ्याने चित्रकार आणि माध्यम बरोबर लिहिलंय का, आणि छापायचा हक्क कुठून घेतला ते तो सांगू शकतो का. 'रविवर्मा, ऑइल' लिहिलं असेल तर पुढे निघावं. ज्याने एवढंही तपासलं नाही, त्याने रंग काय तपासले असणार?

दुसरं, कागद. हे चित्र चकचकीत कॅनव्हासवर घेऊ नये. जलरंगावर कॅनव्हासचा पोत चढवणं म्हणजे पुन्हा तेच ओलिओग्राफचं सोंग, आणि नावाची चूक आणखी पक्की. मॅट, जाडसर कागद बरा.

तिसरं, पिक्सेल. २४ बाय ३६ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला हवी तर ७२०० बाय १०८०० पिक्सेल लागतात. १५० ला निम्मे-निम्मे, तेही चालतील. जालावरून उचललेली १००० पिक्सेल रुंदीची फाइल मात्र ४२ डीपीआय देते. चेहऱ्याची भाकरी होते.

चौथं, बोटं. ज्योतीपुढच्या बोटांकडे बघायचं. उजेड बोटांच्या आतून आल्यासारखा वाटला पाहिजे. ती नुसती केशरी फासलेली दिसली, किंवा मागचा अंधार सपाट काळा झाला असेल, तर प्रिंट वाया.

पाचवं खास आपल्याकडचं. बोईसर-तारापूरची खारी हवा आणि चार महिन्यांची ओल. कागद काचेला टेकला की चिकटतो आणि बुरशी धरते. मध्ये माउंट घालून अंतर ठेवायला सांगा, आणि पावसाळ्यात पाझरणाऱ्या भिंतीवर लावू नका.

शेवटचं काम बिनखर्चाचं. फ्रेमवाला मागचा पुठ्ठा ठोकायच्या आधी त्यावर पेन्सिलीने लिहायचं: सा. ल. हळदणकर, जलरंग, १९४५-४६, चित्रातली व्यक्ती गीता. वीस वर्षांनी कुणी फ्रेम उघडली, तर त्याला जालावर शोधायची गरज पडणार नाही.

असो. उद्या सोमवार!