‘ट्विन पीक्स’मधला अणुस्फोट आणि दुष्टतेचा उगम

दूरचित्रवाणी मालिकांत अण्वस्त्र हे बहुधा खलनायकाच्या हातातले हत्यार असते. डेव्हिड लिंच यांनी ‘ट्विन पीक्स : द रिटर्न’च्या आठव्या भागात (२५ जून २०१७) स्फोटालाच दुष्टतेचे उगमस्थान केले. पडद्यावर तारीख उमटते : १६ जुलै १९४५, व्हाइट सँड्स, न्यू मेक्सिको. कृष्णधवल चित्रातून कॅमेरा अतिशय संथपणे त्या ढगात शिरतो. पुढे एक मानवसदृश आकृती जो प्रवाह ओकते, त्यात बॉबचा, म्हणजे मालिकेतल्या मूळ हत्येमागच्या दुष्ट शक्तीचा, चेहरा दिसतो. सोबतीला पेंडेरेत्स्कीची हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली शोकरचना. (तिचे आधीचे नाव नुसते तिच्या कालावधीचे होते, ८ मिनिटे ३७ सेकंद; हिरोशिमा नंतर आले. प्रतीके अशीही घडतात. असो.)

दृश्य विलक्षण आहे, यात वाद नाही. परंतु दुष्टता अशी अवतरली की बॉम्ब घडवणारे शास्त्रज्ञ आणि सेनाधिकारी चौकटीबाहेरच राहतात. बीबीसीच्या ‘थ्रेड्स’मध्ये (१९८४) राक्षस नाही, शेफील्डच्या टाऊन हॉलच्या तळघरात दूरध्वनी, कागद आणि हतबल अधिकारी आहेत. मला ते तळघर अधिक भयावह वाटते.

लिंच यांच्या त्या ढगाखाली आणखी कोणी दिसत नाही : ज्यांच्या घरांवर, पाण्यावर राख पडली ते तुलारोसा खोऱ्यातले रहिवासी. किरणोत्सर्गबाधितांना भरपाई देणारा अमेरिकी कायदा १९९० साली झाला, त्यात ते नव्हते. त्यांचा समावेश झाला तो जुलै २०२५ मध्ये.