लोणारचा खार : विस्मृतीत गेलेल्या उद्योगाचा शोध

पापडखार आपल्या सर्व घरांत असतो, पण एकेकाळी खाराची मोठी बाजारपेठ असलेले लोणार आज केवळ उल्कापातामुळे झालेल्या सरोवरासाठी ओळखले जाते. बुलढाणा जिल्ह्यातील हे गाव १८५३ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. त्या वर्षी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. म्हणून या उद्योगाचा इतिहास हैदराबादचाही आहे.

उद्योगाचे स्वरूप : सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाण्यात मुख्यतः सोडियम कार्बोनेट व मीठ असते. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर व तळाशी क्षार साचत. मजूर ते गोळा करून वाळवत. डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतींची नावे होती. काच, साबण, रंगकाम यांसाठी खार लागे. ‘ऐन-ए-अकबरी’तही काच व साबणाच्या या कच्च्या मालाची नोंद आहे. पुढे कारखान्यात तयार झालेला स्वस्त सोडा आयात होऊ लागला आणि हा धंदा मागे पडला.

कोठे शोधावे : १९१० चे बुलढाणा जिल्हा गॅझेटियर आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी ला टूश व क्रिस्टी यांनी १९१२ मध्ये लिहिलेला लेख यांपासून सुरुवात करावी. तारनाक्यावरील तेलंगणा राज्य अभिलेखागारात शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील दख्खनची फारसी कागदपत्रे आहेत. त्यांत मेहकर सरकारचे कागद पाहावेत. जुन्या इंग्रजी लेखनात गावाचे नाव ‘लूनार’ असेही येते.

सावधगिरी : ‘खार’ हा शब्द सोडा, सोरा व इतर क्षारांनाही लावला जाई. त्यामुळे केवळ शब्द सापडला म्हणून तो लोणारचा सोडा ठरत नाही. गाव, वापर व महसूल या तिन्हींचा मेळ घालावा.

सरकारी कागदांत ठेका व वसुली मिळते. पाण्यात उतरणाऱ्यांचे नाव क्वचितच मिळते. ते घरगुती मोडी कागदांत, हिशेबाच्या वह्यांत आणि ज्येष्ठांच्या आठवणींत शोधावे लागेल. वऱ्हाड-मराठवाड्यातून हैदराबादेत स्थायिक झालेल्या कुटुंबांनी असे कागद रद्दीत देण्यापूर्वी मोडी जाणणाऱ्यास अवश्य दाखवावेत. सरोवर २००० पासून अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ आहे. पाण्याचे संरक्षण झाले, पण त्यातून खार काढणाऱ्यांची आठवण अजून जतन व्हायची आहे.