सेंट्रल फ्रीवेची जमीन

सेंट्रल फ्रीवेची जमीन : अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या हेज व्हॅली भागात पाडलेल्या उन्नत महामार्गाखालची सुमारे सात एकर जमीन. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ च्या कायद्यान्वये ती शहराकडे वर्ग केली. महामार्गासाठी घेतलेली जमीन महामार्गाला नकोशी झाल्यावर राज्याने ती स्थानिक संस्थेला कोणत्या अटींवर द्यावी, हा प्रश्न येथे बऱ्याच अंशी सुटला. म्हणूनच नगररचनेच्या चर्चेत हे उदाहरण पुन्हा पुन्हा येते.

कॅलिफोर्नियात राज्य महामार्गांची जमीन ‘कॅल्ट्रान्स’ या राज्य परिवहन विभागाच्या ताब्यात असते. ती शहराकडे किंवा कौंटीकडे जाण्याच्या वाटा मुख्यतः दोन आहेत. पहिलीत रस्ता हा रस्ता म्हणूनच सोपवला जातो. त्यासाठी राज्याच्या परिवहन आयोगाला ठराव करावा लागतो आणि रस्ता सुस्थितीत असावा लागतो. दुसरी वाट अतिरिक्त ठरलेल्या जमिनीची, आणि ती अवघड आहे. ही जमीन बहुतेक वेळा इंधनकराच्या पैशातून घेतलेली असते. तो पैसा वाहतुकीवरच खर्च व्हावा, असे राज्यघटनेचे १९ वे कलम सांगते. संपादनात केंद्राचा पैसा असेल तर केंद्रीय कायदाही बाजारभावाचा आग्रह धरतो. सामाजिक, पर्यावरणीय किंवा आर्थिक हितासाठी त्यात सवलत मिळते, पण ती मागून घ्यावी लागते. त्यामुळे शहराला बाग किंवा घरे हवी असली, तरी जमिनीचा हिशेब रस्तेखात्याच्या वहीतच अडकून राहतो. सेंट्रल फ्रीवेच्या बाबतीत ही गाठ कशी सोडवली गेली, ते पाहण्यासारखे आहे.

हा दुमजली मार्ग १९५० च्या दशकात शहराच्या मध्यातून खांबांवर उभा राहिला. १९५९ मध्ये शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने नियोजित दहा फ्रीवेंपैकी सात नाकारले, पण हेज व्हॅलीवरचा तुकडा तोवर झालेला होता. त्याच्या सावलीत वाहनतळ, ओसाड कोपरे आणि अमली पदार्थांचा व्यापार फोफावला. शेजारच्या कृष्णवर्णीय आणि अल्प उत्पन्नाच्या वस्तीने त्याची किंमत तीन दशके मोजली. १७ ऑक्टोबर १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात मार्गाला तडे गेले. उत्तरेकडचा भाग १९९२ मध्ये पाडला, आणि उरलेल्याचे काय करायचे यावर शहर दुभंगले. पश्चिमेकडच्या वस्त्यांतून रोज गाडीने येणाऱ्यांना मार्ग हवा होता, हेज व्हॅलीकरांना तो नको होता. नोव्हेंबर १९९७ च्या सार्वमतात फ्रीवेची बाजू जिंकली, १९९८ मध्ये तो कौल फिरला. १९९९ मध्ये दोन परस्परविरोधी प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर आले आणि जमिनीवरचा रस्ता करण्याच्या बाजूने निकाल लागला. पॅट्रिशिया वॉकअप आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी घरोघरी जाऊन हा प्रचार केला होता. आजच्या चौकातल्या हिरवळीला ‘पॅट्रिशियाज ग्रीन’ हे नाव आहे ते त्यांचेच.

कायद्याचा खरा कस जमीन देण्यात नव्हता, तो अटींत होता. जॉन बर्टन यांनी मांडलेल्या सिनेट विधेयक ७९८ नुसार जमीन शहराला मिळाली, पण तिच्या विक्रीतून किंवा वापरातून येणारा पैसा आधी त्या जमिनीवरच्या नव्या रस्त्यावर, म्हणजे ऑक्टेव्हिया बुलेव्हार्डवर, आणि मग वाहतुकीच्या इतर कामांवर खर्च करायचा, असे बंधन त्याबरोबर आले. अशा रीतीने इंधनकराचा पैसा वाहतुकीकडेच वळला आणि जमीन मात्र घरांसाठी मोकळी झाली. मार्केट स्ट्रीटपर्यंतचा नवा उतार कॅल्ट्रान्सने बांधला, पुढचा रस्ता शहराने. ॲलन जेकब्स आणि एलिझाबेथ मॅकडोनाल्ड यांच्या कल्पनेतून साकारलेला हा बुलेव्हार्ड सप्टेंबर २००५ मध्ये खुला झाला. त्यात मधोमध चार मार्गिका आहेत, आणि दोन्ही कडांना झाडांच्या रांगेपलीकडे स्थानिक वाहनांसाठी संथ गल्ल्या.

मोकळ्या जमिनीचे ‘ए’ ते ‘व्ही’ असे २२ भूखंड पाडले गेले. ते एकसारखे मुळीच नव्हते. काही अर्ध्या चौकाएवढे प्रशस्त होते, तर काही रस्त्याच्या कडेने गेलेल्या इतक्या अरुंद पट्ट्या की तेथे जिना आणि खोली एकत्र बसवण्यासाठी वास्तुरचनाकारांना डोके खाजवावे लागले. एकूण घरांपैकी सुमारे निम्मी परवडणारी असावीत, असे धोरण ठरले. यातला ताण उघड आहे. परवडणाऱ्या घरांच्या भूखंडाला बाजारभाव मिळत नाही आणि बुलेव्हार्डचा खर्च तर विक्रीतूनच निघायचा. महाग भूखंडांनी स्वस्त भूखंडांचा भार उचलला, तेव्हा कुठे हे गणित जमले. ‘जी’ भूखंडावर २०११ मध्ये १२० घरांचे ‘रिचर्डसन अपार्टमेंट्स’ उभे राहिले. ते पूर्वी बेघर असलेल्यांसाठी आहे. त्याला ज्यूलियन आणि रे रिचर्डसन या दांपत्याचे नाव दिले आहे. त्यांनीच स्थापन केलेले ‘मार्कस बुक्स’ हे कृष्णवर्णीयांच्या ग्रंथव्यवहाराचे नामांकित दुकान. ज्या वस्तीवर फ्रीवे लादला गेला तिच्याच माणसांचे नाव इमारतीवर यावे, याला मोल आहे.

२००८ च्या मंदीत विक्री थंडावली आणि बरेच भूखंड कुंपणाआड पडून राहिले. त्यांपैकी लगुना आणि ऑक्टेव्हिया यांमधल्या, जुन्या उतारमार्गाच्या जागेवर २०१० पासून ‘हेज व्हॅली फार्म’ चालले. स्वयंसेवकांनी आयव्हीची जाळी उपटली, डांबरावर पुठ्ठ्याचे थर अंथरले, त्यांवर घोड्याची लीद आणि लाकडाचा भुसा टाकला आणि त्या थरांत बाकला पेरला. ज्या उतारावरून गाड्या खाली यायच्या तेथे शेंगा लगडल्या. २०१३ मध्ये बांधकामासाठी जागा रिकामी करून घेतली गेली, त्या वेळी काहींनी ती सोडायला विरोधही केला. तात्पुरत्या वापराची मुदत सुरुवातीपासून ठरलेली होती, तरी लोकांचा जीव गुंतला होता. जमीन देताना मधल्या काळाचा विचार कागदावर येत नाही, ही अशा व्यवहारांतली मोठी उणीव.

याच धर्तीची इतर उदाहरणे फारशी सुरळीत गेली नाहीत. मिलवॉकीत पार्क ईस्ट फ्रीवे २००२-०३ मध्ये पाडल्यावर सुमारे २४ एकर जमीन कौंटीच्या हाती आली, पण तिचा बराच भाग दशकभराहून अधिक काळ ओस राहिला. पासाडेनात ७१० फ्रीवेचा अपुरा राहिलेला तुकडा, सुमारे ५० एकर, परिवहन आयोगाने २०२२ मध्ये शहराला सोडला. तेथून हजारो रहिवासी विस्थापित झाले होते, त्यामुळे ‘जमिनीचा लाभ कोणाला’ हा प्रश्न त्या शहरात आता अग्रभागी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत तो इतक्या थेटपणे विचारला गेला नाही, आणि हे या यशस्वी प्रयोगाचे सर्वांत मोठे अपयश मानावे लागेल.

महाराष्ट्रात या विषयाचे वेगळे रूप २०१७ मध्ये दिसले. महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी दिल्यानंतर, ती बंदी लागू होऊ नये म्हणून, जळगावसारख्या शहरांतले राज्य रस्ते महापालिकांकडे वर्ग करण्याचे आदेश निघाले. तेथे हातात आला तो देखभालीचा बोजा. त्याबरोबर ना विकता येण्याजोगी जमीन, ना स्वतंत्र निधी. बाह्यवळण झाल्यावर जुना राष्ट्रीय महामार्ग राज्याकडे सोपवताना केंद्र एकदा दुरुस्तीचा खर्च देते, पण तो रस्ता पुढे नगरपालिकेकडे आला की खड्डे तिलाच बुजवावे लागतात.