हॉलचे खण

पुण्या-मुंबईत फ्लॅट ‘टू बीएचके’ असतो आणि त्यातला ‘एच’ हॉलचा. नोएडात तोच फ्लॅट दाखवणारा दलाल ‘ड्रॉइंग-डायनिंग’ म्हणतो. हा फरक नुसता बोलीचा नाही. हॉल म्हणजे एक खोली. तिच्यात बसायचं, जेवायचं की रात्री गाद्या घालायच्या, ते घरातल्यांनी ठरवायचं. ड्रॉइंग-डायनिंग म्हणजे दोन खोल्या. त्यांच्या मधली भिंत कधीतरी गेली आणि जोडशब्दातली बारीक रेघ तेवढी मागे राहिली. अशा लांबलचक जागेत बसण्याचा एक कोपरा, वाचण्याचा दुसरा, जेवणाचा तिसरा असे भाग पाडणं ही इंटीरियरवाल्यांची फॅशन समजली जाते. मला ते उलट वाटतं. मोठ्या जागेचे भिंतींविना भाग पाडणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सगळं फर्निचर चारी भिंतींना टेकवून मधे पटांगण सोडणं, हीच त्या मानाने कालपरवाची गोष्ट.

मराठी वाड्याचा आकार खोल्यांत कमी आणि खणांत जास्त सांगितला जाई. दोन खांबांमधली, म्हणजेच वरच्या दोन तुळयांमधली जागा हा खण. मोजण्याचं मापच असं असल्यामुळे कितीही मोठी जागा बघणाऱ्याला आपोआप तुकड्यांत दिसे. चौकातून पायरी-दोन पायऱ्या चढलं की ओसरी, तिच्या आत सोपा, मग माजघर, आणि त्याच्याही आत देवघर नि स्वयंपाकघर. निरोप घेऊन आलेला माणूस ओसरीवर थांबे, हिशेबाला आलेला सोप्यावर टेके, माजघरात पाऊल पडे ते नात्यातल्यांचंच. तिथवर दार लागत नसे. जोत्याची उंची पुरेशी बोलकी होती. दिवाणखान्यात तर जमीनही सपाट. पुण्यातल्या नानावाड्यात, किंवा दुसऱ्या बाजीरावाने 1807 साली बांधलेल्या विश्रामबागवाड्यात, कोरीव लाकडी सुरूचे खांब उभे आहेत. अशा खांबांच्या ओळीवर महिरपी चढल्या की आरपार दिसत असूनही नजर प्रत्येक महिरपीशी क्षणभर थबकते. खाली जाजम, जाजमावर बैठक, बैठकीला लोड-तक्के. जाजमाची कड ही त्या बैठकीची हद्द. कुणी लोडाला टेकायचं आणि कुणी कडेला पाय दुमडून बसायचं, हे त्या कापडावरच ठरलेलं असे. संध्याकाळी समई लागली की उजेडाचं रिंगण पडे आणि तेवढीच खोली उरे. आज ‘झोन’ नावाने जे विकलं जातं त्यातलं उंची, खांब, अंथरूण आणि दिवा हे सगळं तिथे होतं.

वाडे सरदारांचे नि सावकारांचे, सामान्यांना त्यांचं काय, असा आक्षेप कुणी घेईल. तो रास्त आहे. पण सामान्य माणसाचं घर याहून वेगळं सांगत नाही. मुंबईत 1920च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींची खोली 160 चौरस फुटांची. तिचे भाग जागेने पाडणं शक्य नव्हतं, म्हणून ते घड्याळाने पडले. सकाळी मोरीलगतचा कोपरा न्हाणीघर, दुपारी तीच जमीन पाट मांडून जेवणघर, संध्याकाळी अभ्यासिका, रात्री वळकट्या सोडल्या की शेजघर. पाहुणा मुक्कामाला आला तर दोरीवर लुगडं टाकून तासाभरात खोलीच्या दोन खोल्या होत. वाड्याने जागा पातळीने वाटली, चाळीने वेळेने. अख्खी जागा एकाच कामासाठी दिवसभर रिकामी ठेवण्याची चैन दोघांनाही माहीत नव्हती.

मग नोएडातली जागा आली कुठून? ज्या जमिनीवर हे शहर उभं आहे तिथे निठारी, हरौला, छलेरा अशी गावं होती आणि सेक्टरांच्या मधे ती आजही आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या गावांत पुरुषांची बैठक आणि गुरं यांचा ‘घेर’ वेगळा आणि बायकांचं राहतं घर वेगळं, कधी गल्लीपलीकडे. म्हणजे भाग पाडण्याची पद्धत इथेही होती, फक्त ती एका छपराखाली मावत नव्हती. ड्रॉइंग आणि डायनिंग ही वाटणी मात्र बाहेरून आली. 11 सप्टेंबर 1803 रोजी याच यमुनाकाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे, आणि शेजारून जाणाऱ्या बहुतेक मराठी माणसांना त्याचा पत्ता नसतो. त्या दिवसानंतर दिल्लीवरचा शिंद्यांचा अंमल सरला, कंपनीचा सुरू झाला आणि कंपनीमागून बंगला आला. बंगल्यात ड्रॉइंगरूम आणि डायनिंगरूम वेगळ्या असणं भागच होतं, कारण ‘ड्रॉइंग’ हे मूळच्या ‘विथड्रॉइंग’चं आखूड रूप. जेवण आटोपल्यावर टेबलावरून उठून ज्या खोलीत जायचं ती ही खोली. नोएडात दोन्ही एक झाल्यामुळे आता उठून जायला जागा नाही. खुर्ची वळवली की झालं.

या दोन खोल्यांमधली भिंत पडली ती विचार करून नव्हे, बांधकामाच्या ओघात. 17 एप्रिल 1976 रोजी, आणीबाणीच्या काळात, उत्तर प्रदेश सरकारने हे शहर वसवायला घेतलं ते मुख्यतः उद्योगांसाठी. नावातल्या ‘एनओआयडीए’मधला ‘आय’ अजूनही ‘इंडस्ट्रियल’चाच आहे. सुरुवातीची घरं बहुतेक प्लॉटवरची, विटांच्या भिंतींवर स्लॅब पेललेली. तिथे भिंत काढणं म्हणजे छत खाली आणणं. टॉवर उभे राहू लागले तसा भार आरसीसीच्या खांब-तुळयांवर गेला आणि आतल्या भिंती नुसत्या भरावाच्या उरल्या. त्यात विक्रीचं गणित आलं. जिना, लिफ्ट, लॉबी यांतला वाटाही ‘सुपर एरिया’त मोजून फ्लॅट विकले जात, हातात येणारी जागा कागदापेक्षा बरीच कमी. ती मोठी भासवायची तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक भिंत न बांधणं. 2016च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या बांधून दिली. तिच्यातही आतल्या भिंतींखालची जागा धरलेली आहेच. म्हणजे कागदावर भिंत असली काय नि नसली काय, आकडा तोच; नसली तर बिल्डरच्या विटा वाचतात आणि बघायला आलेल्याचे डोळे विस्फारतात.

अशा जागेत फर्निचर भिंतींना कुणी चिकटवलं? दोष एकट्या बिल्डरचा नाही. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं, जानेवारी 1987पासून ‘रामायण’ सुरू झालं, आणि घरोघरच्या बैठकीने तोंड फिरवलं. आधी माणसं माणसांकडे तोंड करून बसत. आता सगळी एका भिंतीकडे. थ्री-प्लस-वन-प्लस-वन सोफा दिल्लीतल्या कीर्तीनगरच्या फर्निचर बाजारातून येतो, तीनचा भाग टीव्हीसमोरच्या भिंतीला लागतो, एक-एक खुर्च्या दोन बाजूंना, आणि मधल्या काचेच्या टीपॉयपर्यंत कुणाचाच हात पोचत नाही. पाहुण्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो. ‘सोफा’चं मूळ अरबी ‘सुफ्फा’, म्हणजे बसण्याचा उंच ओटा. आपला सोपा ध्वनीने आणि अर्थाने त्याच्या किती जवळ बसतो! सोपा माणसांना जवळ आणण्यासाठी होता. सोफा भिंतीला लागला आणि माणसं लांब गेली.

मोकळेपणा हाच आधुनिक घराचा गुण, तो पुन्हा तुकडे करून का घालवायचा, असा दुसरा आक्षेप आहे. मला वाटतं, मोकळं आणि रिकामं यात गल्लत होते. दिल्लीच्या हवेत तर ती महागात पडते. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा अख्खा ड्रॉइंग-डायनिंग गार करता करता एसी दमतो आणि विजेचं बिल फुगतं. जानेवारीच्या धुक्यात घरातली सगळी माणसं हीटरभोवती, एका रजईत पाय खुपसून बसतात. हॉलचा बाकीचा भाग असून नसल्यासारखा. माणसं आपोआप एक खण पकडतात, व्यवस्था फक्त तिथे नसते. ती करायला फार काही लागत नाही. सहारनपूरहून येणारं शिसवी जाळीचं चार पाखांचं पार्टिशन पाहा. बिजागऱ्यांवर नागमोडी उभं राहतं, जाळीतून पलीकडचा दिवा दिसतो, बसलेला माणूस मात्र अर्धाच दिसतो. हे महिरपीचंच काम आहे, फक्त घडी घालून दाराआड ठेवता येणारं. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाठ जेवणाच्या टेबलाकडे केली की सोफ्याची पाठच जोतं होते. खाली सतरंजी पसरली की हद्द ठरते, आणि छतातल्या दहा दिव्यांऐवजी एक उभा दिवा लावला की समईचं रिंगण परत येतं.

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे आणि तो टाळता येत नाही. वाड्यातली ती जोती नि महिरपी माणसांना जवळ आणत, तशीच दूरही ठेवत. ओसरीपुढे कुणी यायचं नाही हे जातीने ठरे आणि माजघराबाहेर कुणी यायचं नाही हे बाईपणाने. बैठक रंगत असताना बायका आत चुलीपाशी असत. या अर्थी मोकळ्या ड्रॉइंग-डायनिंगने एक चांगली गोष्ट केली: स्वयंपाकघराचं दार हॉलमध्ये उघडलं आणि चहा करणारी व्यक्ती बोलण्यातून वगळली जायची थांबली. ही कमाई घालवून वाडा परत आणावा असं कुणी म्हणणार नाही. पण जुन्या घरातून घ्यायचं ते तंत्र, पायरीची उतरंड नव्हे. विभाग कामांचे पाडता येतात, माणसांचे पाडायची गरज नसते. वाचणाऱ्याला उजेड, गप्पा मारणाऱ्यांना जवळीक, अभ्यास करणाऱ्या मुलाला टीव्हीकडे पाठ. यात कुणाचा दर्जा ठरत नाही, आणि हॉलच्या कोणत्याही कोपऱ्यात घरातलं कोणीही बसू शकतं.

नोएडात नवा फ्लॅट सजवायला घेतलेल्या मराठी घराला माझी एकच विनंती आहे: सुताराला बोलावण्याआधी छताकडे बघा. पुष्कळ फ्लॅटमध्ये ड्रॉइंग आणि डायनिंगच्या मधोमध एक तुळई थोडी खाली उतरलेली असते. पहिला खण तिथेच संपतो आणि दुसरा सुरू होतो. फॉल्स सीलिंग करणारा तीच तुळई सगळ्यात आधी झाकायला निघतो. त्याला झाकू देऊ नका.