पालखेड ते खर्डा : जिंकलेली युद्धे आणि न सुटलेला प्रश्न

१/ मागील लेखमालिकेनंतर अनेकांनी एकच प्रश्न विचारला : माणूस युद्ध का करतो, आणि युद्धाने खरोखर काही सुटते का? या प्रश्नाचे सरसकट उत्तर देण्याचे धाडस मी करणार नाही. त्याऐवजी आपल्याच इतिहासातील एक दीर्घ भांडण तपासून पाहू. मराठे आणि हैदराबादचे निजाम यांच्यातील चौथाईचा वाद १७१९ पासून १८२२ पर्यंत, म्हणजे शतकाहून अधिक काळ चालला. त्यात मराठ्यांनी एकामागून एक विजय मिळवले. तरीही प्रत्येक विजयानंतर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. तो का, हे समजले तर मूळ प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर हाती येईल.

२/ प्रथम भांडणाचे मूळ. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून शाहू महाराजांसाठी सनदा आणल्या. दख्खनच्या सहा सुभ्यांतून चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि त्यावर सरदेशमुखीचा दहावा हिस्सा वसूल करण्याचा अधिकार मराठ्यांना मिळाला. पुढे १७२४ मध्ये साखरखेडर्ल्याची लढाई जिंकून निजामउल्मुल्क याच सहा सुभ्यांचा जवळपास स्वतंत्र अधिपती झाला. भूमी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन, अशी स्थिती निर्माण झाली. एकाच गावात निजामाचा अंमलदार आणि मराठ्यांचा कमाविसदार दोघेही वसुलीस येऊ लागले. या दुहेरी कारभाराला ‘दोअमली’ असे नावच पडले.

३/ १७२७ मध्ये निजामाने चौथाई रोखून धरली. त्याचे कारण मोठे चतुर होते. साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी हे चुलतभाऊ छत्रपतीपदासाठी भांडत होते. निजामाचे म्हणणे असे, की खरा छत्रपती कोण हे आधी ठरवा, मग पैसे कोणाला द्यायचे ते आम्ही ठरवू. यातून पालखेडची प्रसिद्ध मोहीम घडली. बाजीरावांनी निजामाला आपल्या पाठीमागे धावायला लावले. त्याचा जड तोफखाना मागे राहिला. अखेर फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला त्याचे अन्नपाणी तोडून त्यांनी त्याला कोंडले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला आणि शाहू महाराजांचा चौथाईचा हक्क निजामाने मान्य केला.

४/ एवढा निर्णायक आणि एवढ्या कमी रक्तपाताचा विजय विरळाच. मग प्रश्न सुटला का? पुढील यादी पाहा. १७३७ मध्ये भोपाळ, १७५२ मध्ये भालकीचा तह, १७५७ मध्ये सिंदखेड, १७६० मध्ये उदगीर, १७६३ मध्ये राक्षसभुवन आणि १७९५ मध्ये खर्डा. मधल्या लहान चकमकी यात धरलेल्या नाहीत. माळवा, वऱ्हाड, खानदेश, गोदातीर अशी निमित्ते बदलत गेली, आणि बहुतेक वेळा तहाचा लाभ मराठ्यांच्या पदरी पडला. परंतु हरलेला पक्ष पराभव अंतिम मानत नव्हता, आणि जिंकलेल्या पक्षालाही आपला विजय टिकेल याचा भरवसा नव्हता.

५/ येथे एक सिद्धांत उपयोगी पडतो. जेम्स फिअरन या राज्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये एक साधा पण अवघड प्रश्न मांडला. युद्धात दोन्ही पक्षांचे नुकसान होते. मग युद्धाअंती जी वाटणी होणार, साधारण तीच वाटणी आधी बोलणी करून घेतली तर दोघांचाही खर्च वाचेल. तसे का होत नाही? त्याने मुख्यतः तीन कारणे दिली. एक, परस्परांच्या खऱ्या बळाची माहिती नसते आणि ते लपवण्यात दोघांचाही लाभ असतो. दोन, आज दिलेले वचन उद्या पाळले जाईल याची हमी नसते. तीन, काही गोष्टींची वाटणीच होऊ शकत नाही, किंवा ती होऊ शकत नाही असे लोक मानतात.

६/ पालखेडला पहिले कारण स्पष्ट दिसते. निजामउल्मुल्क हा औरंगजेबाच्या काळात वाढलेला, मुरलेला सेनानी. समोरचा पेशवा विशीतला. या तरुणाची फौज आपल्याला कोंडीत पकडेल हे त्याला लढण्यापूर्वी पटले नसते. लढाईने त्याला ती माहिती दिली, आणि माहिती मिळताच तह झाला. या अर्थाने युद्ध ही अत्यंत महागडी परीक्षा असते. मात्र तिचे फळ तात्पुरते असते. सेनापती बदलतात, दरबार बदलतात, नवा तोफखाना येतो आणि जुनी माहिती शिळी होते. बुसीच्या कवायती फौजेचे बळ पाठीशी असलेल्या सलाबतजंगाने १७५१ मध्ये पुन्हा पुण्याच्या रोखाने चाल केली ती याच कारणाने.

७/ दुसरे कारण अधिक खोल आहे. चौथाई हे एकदाच फेडून मोकळे होण्याचे कर्ज नव्हते. ती दरसाल द्यायची रक्कम होती, आणि दरसाल ती देणाऱ्याला दुबळे व घेणाऱ्याला सबळ करत होती. आज चौथा हिस्सा देणाऱ्या निजामाला उद्या अर्धा मागितला जाणार नाही, याची हमी कोण देणार? उलट, फौज परत फिरली की निजाम पैसे देईल, याची हमी मराठ्यांना कोण देणार? दोघांच्याही शंका निराधार नव्हत्या. त्यामुळे मराठ्यांना सतत मुलूखगिरी करावी लागे, आणि त्या मुलूखगिरीकडे पाहून निजाम फौज वाढवत राही. कोणीही दुष्ट नसतानाही असे चक्र चालू राहू शकते.

८/ घराच्या आतली कारणेही विसरून चालणार नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडणाऱ्या शिलेदाराचा घोडा, हत्यार आणि पोट मोहिमेवर अवलंबून होते. सरदारांना सरंजाम हवा होता, सावकारांना व्याज हवे होते. खुद्द बाजीराव आयुष्यभर कर्जात होते, आणि ब्रह्मेंद्रस्वामी हे त्यांच्या सावकारांपैकी एक होते. फौज उभी करण्यासाठी कर्ज काढायचे आणि कर्ज फेडण्यासाठी फौज बाहेर पाठवायची, अशी ही रचना होती. ती एकदा उभी राहिली की शांतता परवडणे कठीण होते. युद्धाची कारणे शोधताना आपण राजांच्या महत्त्वाकांक्षेकडे पाहतो. खतावण्यांकडेही तितकेच पाहिले पाहिजे.

९/ आता विजयाची किंमत. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि सुमारे ६० लाखांचा मुलूख मिळवला. काही आठवड्यांतच ते उत्तरेकडे निघाले. जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली फौजेसह पुण्याजवळ येऊन ठेपला आणि गमावलेल्यातील काही भाग त्याने परत मिळवला. पुढे माधवराव आणि रघुनाथराव यांच्यात वितुष्ट आले, तेव्हा रघुनाथरावांनी याच निजामाची मदत घेतली आणि त्या बदल्यात मुलूख देऊ केला. उदगीरला तलवारीने मिळालेले घरच्या भांडणात शब्दाने गेले. अवघ्या अडीच-तीन वर्षांचे हे अंतर आहे.

१०/ १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. त्याच काळात पेशव्यांची फौज निजामाच्या मुलखात हैदराबादेच्या बाजूस लुटालूट करत होती. मोहिमांची वर्णने वाचताना आपले लक्ष चालींकडे जाते. पण या दोन्ही वाटांवरील गावांत राहणाऱ्या कुणब्याचा चौथाईशी संबंध एवढाच, की ती त्याच्या शेतातून जात असे. तह कोणाच्याही बाजूने होवो, त्याची वैरण, बैल आणि बियाणे परत देण्याचे कलम त्यात नसे. ऑगस्टमध्ये गोदावरीच्या दक्षिण तीरावर राक्षसभुवनला माधवरावांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला. या वेळी ८२ लाखांचा मुलूख मिळाला.

११/ प्रामाणिकपणे सांगायचे, तर राक्षसभुवनने काहीतरी साधले. त्यानंतर सुमारे ३२ वर्षे या दोघांत मोठी लढाई झाली नाही. युद्धाने काहीच साध्य होत नाही, हे विधान म्हणून मला मान्य नाही. परंतु ती शांतता केवळ पराभवाच्या धाकावर टिकली नव्हती. हैदर आणि नंतर टिपू हा दोघांचाही समान प्रतिस्पर्धी होता. १७९० ते १७९२ या काळात मराठे, निजाम आणि इंग्रज तिघेही टिपूविरुद्ध एकत्र लढले. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपू अर्धा झाला, समान भीती ओसरली, आणि तीनच वर्षांत थकलेल्या चौथाईची जुनी वही पुन्हा उघडली गेली.

१२/ खर्डा, ११ मार्च १७९५. आजच्या जामखेड तालुक्यातील हे गाव. नाना फडणिसांनी शिंदे, होळकर, भोसले अशा साऱ्यांना एकत्र आणले. पेशव्यांच्या झेंड्याखाली मराठे सरदार एकवटल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. निजामाचा गोंधळ उडाला. तो खर्ड्याच्या किल्ल्यात अडकला आणि त्याच्या छावणीत पाण्याचे हाल झाले. तहात तीन कोटी रुपये, दौलताबादसह मुलूख, आणि निजामाचा दिवाण मुशीरुल्मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करणे, अशा कडक अटी घातल्या गेल्या. पालखेडपेक्षाही संपूर्ण असा हा विजय होता. वादाचा कायमचा निकाल लागला, असे तेव्हा पुण्यात कोणालाही वाटले असते.

१३/ ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. वारसाच्या भांडणात दरबार फुटला. सत्तेसाठी मित्र शोधणाऱ्या नानांनी १७९६ मध्ये महाड येथे निजामाशी करार केला. खर्ड्याला मिळवलेले सोडून दिले गेले, आणि कैदेतील मुशीरुल्मुल्क सुटला. एका लढाईचे फळ दोन वर्षेही टिकले नाही. दुसरीकडे, खर्ड्याच्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले याचा धडा निजामाने घेतला. पुन्हा असा अपमान नको म्हणून सप्टेंबर १७९८ मध्ये त्याने तैनाती फौज स्वीकारली. इंग्रजांची छावणी हैदराबादेत कायमची बसली. १८०२ मध्ये वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनीही तोच मार्ग धरला, आणि निजामाशी असलेल्या वादात इंग्रजांची लवादी पत्करली.

१४/ आता शेवटचे पान. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि चौथाईचे हक्कदार म्हणून इंग्रज पुढे आले. १८२२ मध्ये कंपनीने निजामाशी नवा तह केला. त्यातील एका कलमाने चौथाईची मागील थकबाकी आणि पुढील मागणी दोन्ही माफ करण्यात आल्या. ज्या हक्कासाठी पालखेडपासून खर्ड्यापर्यंत पिढ्या लढल्या, तो एका तिसऱ्याने लेखणीने मिटवला. तेव्हा मांडलिक झालेल्या निजामाला ही माफी मिळाली, आणि तिच्याबद्दल विचारण्यासाठी पेशवा पुण्यात उरलाच नव्हता. १८२२ चा हा तह पाठ्यपुस्तकांत फारसा येत नाही. माझ्या मते तो खर्ड्याच्या धड्यालाच जोडून शिकवायला हवा.

१५/ मग वाद सुटतो कसा? याच कथेत एक उदाहरण दडले आहे. सातारा आणि कोल्हापूर यांचे भांडणही शस्त्रांनीच लढले गेले. परंतु १७३१ मध्ये दोघा चुलतभावांनी वारणेचा तह केला. साधारणपणे वारणेच्या उत्तरेस सातारा, दक्षिणेस कोल्हापूर अशी हद्द ठरली. हरलेल्या संभाजीराजांना गादी, मुलूख आणि मान राहिला. दोअमली नव्हती, दरसालची वसुली नव्हती, रोज नव्या भांडणाला जागा नव्हती. निजामाला कोल्हापूरचे निमित्त पुन्हा तसे वापरता आले नाही. छत्रपतीपद अविभाज्य आहे असे दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे मानत होते. प्रत्यक्षात ते वाटता आले, आणि दोन्ही गाद्या टिकल्या.

१६/ युरोपातही असेच दिसते. अल्सास-लोरेन हा प्रदेश १८७१ मध्ये जर्मनीकडे गेला, पहिल्या महायुद्धाअंती फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि दुसऱ्या महायुद्धाअंती पुन्हा फ्रान्सकडे आला. हे चक्र थांबवण्यात १९५१ च्या कोळसा-पोलाद कराराचा मोठा वाटा होता. युद्धसामग्री ज्यातून बनते ती खनिजे आणि कारखानेच सहा देशांनी एका सामाईक व्यवस्थेखाली आणले. हे खरे, की त्याआधी नाझी राजवट शस्त्रानेच मोडावी लागली. ते युद्ध टाळून प्रश्न सुटला असता, असे मी म्हणणार नाही. पण पराभव १९१८ मध्येही झाला होता. फरक पडला तो पराभवानंतर काय उभारले गेले, त्याने.

१७/ म्हणून माझे उत्तर मर्यादित आहे. युद्ध एक प्रश्न सोडवते : आज, या मैदानावर, बळ कोणाचे अधिक? उद्या एकाच भूमीवर दोघांनी कसे राहायचे, या प्रश्नाला ते हातही लावत नाही. तो प्रश्न ज्या तहाने सोडवला तेथे विजय टिकला, आणि जेथे सोडवला नाही तेथे पुढच्या लढाईची तारीख फक्त लिहायची राहिली. पुढच्या वेळी एखाद्या विजयाचे वर्णन वाचाल, तेव्हा लढाईचे पान वाचून थांबू नका. तहाची कलमे वाचा, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या कलमांचे काय झाले तेही पाहा. आपल्या गावाजवळची अशी एखादी लढाई आणि तिचा तह ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा.